गळक्या मचव्याला सलाम

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं कोणी ठेवलेला नाही, आता कशाला ठेवतील? पण सांगून टाकतो. आरमाराच्या एका लढाऊ जहाजाने मला सलाम केला आहे. मी म्हणजे कोण, तर हुंबरणे बंदरातला बाबल कुबल. नाव-आडनाव यमकात, अंगावर भोकं पडलेली गंजी, पायाखाली गळका मचवा. समोर चारशे फुटांचं, तोफा लावलेलं राखाडी जहाज. आणि त्या जहाजाने आपला बावटा माझ्यासाठी खाली घेतला.

हे वाक्य परवा मी आमच्या पडवीत मिहिरला ऐकवलं. मिहिर आमच्या नातीला, केतकीला, मागणी घालायला आला होता. आरमारात लेफ्टनंट. खुर्चीत असा ताठ बसला होता की खुर्चीलाच अवघडल्यासारखं झालं असावं. स्वयंपाकघरात आमची म्हातारी विळीवर तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, फोडत होती. टक्, टक्, टक्.

"आजोबा," मिहिर अदबीने म्हणाला, "लढाऊ जहाज आपणहून कुणासाठी झेंडा उतरवत नाही."

"झेंडा म्हणालास? बावटेमास्तर असते तर तुला या पायऱ्यांवरून उतरवला असता."

"बावटेमास्तर कोण?"

मला हेच हवं होतं. पोरगं गळाला लागलं.

बावटेमास्तर म्हणजे अर्जुन तारी. पंधरा वर्षं आरमारात होते, निशाण्या, म्हणजे बावट्यांचे इशारे, दाखवायच्या आणि वाचायच्या कामावर. तिथून निवृत्त झाले ते आमच्या बंदरखात्याच्या कचेरीत येऊन बसले. कचेरी टेकडीवर. कचेरीपुढे डोलकाठी. वादळ यायचं असलं की मास्तर तिच्यावर धोक्याचा बावटा चढवणार, आणि रोज सकाळी आठाच्या ठोक्याला राष्ट्रध्वज. आमचं अख्खं बंदर त्यावर घड्याळं लावायचं. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं ते चहा ठेवायचे.

शब्दांच्या बाबतीत माणूस फार कडक. "मिरवणुकीत असता तो झेंडो. देवळार असता ता निशाण. सरकारचो तो ध्वज. आणि बंदरात, बोटीर, दर्यात, खय पण बघशीत तो बावटो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. एकदा तलाठी चुकून 'झेंडा' म्हणाला, तर त्याला कचेरीचा दाखला मिळायला तीन आठवडे लागले.

या मास्तरांना एक मुलगी. जयवंती. तिच्याबद्दल मी जास्त सांगत नाही, कारण घरात म्हातारी ऐकते आहे. एवढंच सांगतो की ती टेकडी उतरायला लागली की खाली जेटीवर जाळी विणणाऱ्यांच्या गाठी चुकायच्या.

माझ्याही चुकल्या. म्हणून एका संध्याकाळी अंगात सदरा घालून मी टेकडी चढलो. मास्तर ध्वज उतरवून घडी घालत होते. घडी घालताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम. पाव तास मी उभा. एक घडी, दुसरी घडी, कोपऱ्यावर कोपरा. शेवटी ती घडी छातीशी धरून ते माझ्याकडे वळले.

"काय रे?"

"मास्तरांनू, जयवंतीक माका द्या."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी मला वरून खाली बघितलं. मग खाली खाडीत नांगरलेल्या माझ्या मचव्याकडे.

"तुझ्या मचव्याचो बावटो खय आसा?"

"आसा. खाली ठेवलंय."

"बावटो खाली ठेवचो नसता. वर चढवचो असता."

आता बावटा मचव्यात होता, हे खोटं नव्हतं. कुठे होता, ते पुढे येईल.

"बाबलो," मास्तर म्हणाले, "दर्यात ज्येका कोण वळखणा नाय, त्येका मी माझा चेडू कसा देव? तू एक काम कर. ज्या दिवशी आरमाराचा जहाज तुका सलाम करतला, त्या दिवशी ये. नारळ आणि पान-सुपारी मी ठेवन."

मला घालवून देण्यासाठीच बोलले ते. पण तेव्हा माझी जीभ माझ्या पुढे दोन हात चालायची.

"इतक्याच ना?" मी म्हणालो, "मगे नारळ सोलूनच ठेवा."

टेकडी उतरताना माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो. त्यात मास्तरांच्या बहिणीने वेंगुर्ल्याकडचं एक स्थळ आणलेलं, मुलगा शाळेत मास्तर, आणि ती मंडळी त्याच रविवारी बघायला येणार होती. म्हणजे माझ्या हातात सहा दिवस, आणि आरमाराचं जहाज आमच्या बंदराकडे वर्षातून एकदा चुकून येणार.

"मग?" मिहिर पुढे सरकला.

मग काय, बुधवारी आलं! उगाच सांगत नाही. आमच्या बंदराबाहेर, दोन मैलांवर, नांगर टाकून उभं. पाण्याची खोली मोजायची होती म्हणे त्यांना. मी म्हटलं, देवाला माझी खोली मोजायची आहे.

गुरुवारी सकाळी मी मचवा काढला. जहाजापासून हाकेच्या अंतरावर गेलो, उभा राहिलो, आणि कडक सलाम ठोकला. शाळेत ठोकायचो तसा. कोणी बघेना. एक खलाशी कठड्याला रंग लावत होता, त्याने माझ्याकडे बघून नाक पुसलं. तो काही सलाम नव्हे.

म्हटलं, बावट्याशिवाय काम होणार नाही. माझा लाल पंचा मी वल्ह्याला बांधला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागलो. असा हलवला, असा हलवला, की जहाजावर धावाधाव झाली. शिट्ट्या वाजल्या. एक होडी खाली सोडली. मी म्हटलं, बाबल, सलाम घरपोच येतोय!

होडीतून उतरला तो डॉक्टर. त्याने माझी जीभ बघितली. पोट दाबलं. डोळ्यांच्या पापण्या उलट्या केल्या. हिंदीत काहीतरी विचारलं, त्यातलं 'कब से' तेवढं मला कळलं. मी खरं ते सांगितलं, "दो साल से." कारण जयवंती माझ्या मनात भरल्याला दोन वर्षं झाली होती. डॉक्टरने मान हलवली आणि मला एक मोठी बाटली दिली.

मिहिर हसत सुटला. "आजोबा, तसं काही हलवणं म्हणजे संकटात आहे, मदत करा!"

"ते आता सांगतोस. तेव्हा कुठे होतास?"

टेकडीवरून मास्तरांनी दुर्बिणीतून सगळं बघितलं होतं. मी जेटीला लागलो तेव्हा वरून त्यांचा आवाज आला. निशाण्यांचा माणूस असला तरी आवाजही दोन मैल जाणारा.

"बाबलो! सलाम मागूक गेललंस, आणि जुलाबाचा औषध घेवन इलंस?"

जेटीवरची जाळी विणणारी माणसं जाळ्यात लोळली. पुढचे दोन दिवस मला बघितलं की कोणीही विचारायचं, "पोट कसा आसा?"

त्याच दुपारी विहिरीकडच्या वाटेवर जयवंती भेटली. डोक्यावर कळशी, कमरेवर हात.

"काय हलय होतंस मेल्या तू थय?"

"बावटो."

"तो पंचो होतो. आणि बावटो कधी हलवचो नसता." तिने कळशी खाली ठेवली. "लढाऊ जहाज आधी कधी बावटो उतरवणा नाय. राजा इलो तरी नाय. आधी आपण उतरवचो. अर्ध्यावर आणून थांबचा. तेंनी बघल्यानी की ते आपलो उतरवतले, परत चढवतले. तेंचो वर गेल्याशिवाय आपलो वर न्हेवचो नाय. समाजला?"

"म्हणजे मान आधी मी वाकवची?"

"तुका जमाचा नाय, ठावक आसा माका."

"आणि मी वाकवलंय आणि तेंनी नाय वाकवल्यानी तर?"

"वाकवतले. लहानशी होडी असली तरी तेंका उत्तर द्यावचाच लागता. बाबांनी पंधरा वर्षां ताच केल्यानी." मग दुसरीकडे बघत, "आयतवारी ते वेंगुर्ल्याचे येतत. माका तो माणूस नको. तेचे दात बघलंय मी फोटोत. जा, बावटो घेवन ये."

मी मचव्यावर गेलो आणि बावटा आणला. आता सांगतो तो कुठे होता. आमच्या मचव्याच्या तळाला, डाव्या अंगाला, मुठीएवढं भोक होतं. वडिलांच्या वेळचं. मालाच्या बोटीचा लाल बावटा, कोपऱ्यात तिरंगा असलेला, जाडजूड चांगल्या कापडाचा, त्या भोकात असा घट्ट बसायचा की थेंब आत येत नसे.

जयवंतीने तो हातात घेतला. उलगडला. डांबर, शेवाळ, आणि एक मेलेला खेकडा. तिच्या नाकाचा शेंडा तेवढा लाल झाला.

"ह्या तू बूच म्हणान लावललंस?"

"दोन वर्षां मचवो बुडाक नाय."

"बाबांक कळला तर ते तुका त्याच भोकात भरतीत."

रिठ्याच्या पाण्यात तिने तो रात्रभर भिजत घातला. शुक्रवारी दिवसभर गच्च दाराआड वाळवला, फाटलेल्या कडा शिवल्या, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. संध्याकाळी बावटा असा दिसत होता की मलाच त्याला सलाम करावासा वाटला. आणि जेटीवर बातमी आली, जहाज शनिवारी सकाळी नांगर उचलणार.

"आता नीट ऐक मिहिर," मी म्हणालो, "पुढचं सगळं मी एकट्याने केलं. एकट्याने."

आत तिसऱ्यांचा आवाज थांबला. मी जरा वाट बघितली. पुन्हा टक्, टक् सुरू झालं. मी पुढे निघालो.

शनिवारी पहाटे मचव्यात पैलतीरावरची कौलं भरली होती, पुरुषभर उंच रास. भोकात काथ्या कोंबला होता, पण काथ्या काही बावटा नव्हे. खाडीच्या तोंडाशी येईपर्यंत तळात वीतभर पाणी. आठाचा ठोका. टेकडीवर मास्तरांनी ध्वज चढवला. लांबून जहाजाच्या नांगराची साखळी खडखडली, आणि ते वळलं. वळलं ते नेमकं माझ्या दिशेने.

मित्रांनो, चारशे फूट लोखंड तुमच्याकडे येताना कसं दिसतं ते कोणाला सांगून कळत नाही. आधी ते डोंगरासारखं असतं. मग डोंगर दिसेनासा होतो, कारण तो सगळीकडेच असतो. वाऱ्याने शीड फडफडायला लागलं. माझा एक हात सुकाणावर, कारण सुकाण सोडलं असतं तर मचवा आडवा. दुसऱ्या हातात तेलाचा डबा, कारण पाणी उपसणं थांबवलं असतं तर मचवा खाली. घोटा बुडाला. पोटरी बुडाली. आणि वर काठीवर, माझा लाल बावटा.

आणि तो बावटा खाली यायला लागला. सरसर नाही. घाईने नाही. शांतपणे, जसं कोणी वडीलधाऱ्याला बघून खाली वाकतं. अर्ध्यावर आला. थांबला.

जहाज येत होतं. कठड्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसायला लागली. एक बोट दाखवत होता. बावटा तसाच अर्ध्यावर. मनात म्हटलं, बाबल, हे निघून गेले तर तू आयुष्यभर 'पोट कसा आसा' ऐकणार, आणि उद्या वेंगुर्ल्याचे दात टेकडी चढणार. जहाजाचं नाक गेलं. तोफा गेल्या. धुरांडं गेलं. आता नुसता मागचा भाग उरला, तिथे त्यांचा पांढरा बावटा ताठ उभा.

आणि तो हलला.

खाली आला, मिहिर. हळूहळू, आमच्यासारखाच तालात. थांबला. वर गेला. आणि तो वर गेल्यावर, अगदी वर पोचल्यावरच, माझा वर गेला.

"मग मी परत उतरवला," मी म्हणालो. "त्यांनी परत उत्तर दिलं. मग मी परत. असं अकरा वेळा. शेवटी त्यांचा कप्तान गळ्यातला रुमाल न काढता नाश्त्यावरून उठून बाहेर आला."

"अकरा?" मिहिर म्हणाला.

"बरं, सात."

"आजोबा, आम्ही सलामाचं उत्तर एकदाच देतो."

"तेव्हा खलाशी तगडे होते. बरं, तीन."

"एकदा."

"एकदा," मी कबूल झालो, "पण लांबलचक."

मी जेटीला लागलो तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो, मचव्यात. आणि जेटीवर कोण उभं? बावटेमास्तर! निवडणुकीचं मतदान सोडून जो माणूस टेकडी उतरत नसे, तो दुर्बीण गळ्यात घालून धापा टाकत उभा. जाळी विणणारे सगळे जाळी टाकून उठलेले.

"बावट्याची दोरी कोणी वढल्यान?" मास्तरांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"हात दाखय."

मी दोन्ही तळवे पुढे केले. मास्तरांनी ते उलटसुलट करून बघितले. बोट फिरवून बघितलं. आणि मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्यांच्या मिश्या हसल्या.

"चल घराक," ते म्हणाले.

घरी पायरीवर बसलो. मास्तरांनी हाक मारली, "जया, पाणी हाड गो." जयवंती तांब्या घेऊन आली. केस ओले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहऱ्यावर कौलाची लाल धूळ. डिसेंबरचा महिना, पाऊस नाही. विहिरीवर गेली असेल. मास्तरांनी तांब्या बाजूला ठेवला आणि मुलीचा हात हातात घेतला. तळवा वर केला आणि बघत राहिले. बराच वेळ. बापाची माया असते शेवटी, मुलगी आता जाणार म्हटल्यावर. मी दुसरीकडे बघितलं.

मग ते म्हणाले, ते वाक्य मी आजपर्यंत जपून ठेवलं आहे. "घाय नाय, धसको नाय. तालात उतरललो बावटो. असो हात माझ्या हाताखाली एकच तयार झालो." आणि नारळ माझ्यापुढे ठेवला. खरंच सोललेला होता.

"वेंगुर्ल्याचे रविवारी आले आणि पोहे खाऊन गेले," मी मिहिरला म्हणालो. "बघ, आरमारातल्या माणसाने माझ्या हाताची अशी तारीफ केली. म्हणून आमच्या घरातली मुलगी मागायची, तर तुलाही काहीतरी करून दाखवावं लागेल. मी अट घालणार आहे."

मिहिर मात्र ऐकत नव्हता. कपाळाला आठी घालून स्वतःच्या दोन हातांकडे बघत होता. एक हात त्याने असा धरला, सुकाणावर असल्यासारखा. दुसऱ्याने हवेतलं पाणी उपसलं. मग दोन्ही हात थांबले.

"आजोबा, एक हात सुकाणावर. एका हातात डबा. मग दोरी कुठल्या हातात?"

लेफ्टनंट उगाच करत नाहीत कोणाला. पण मीही कच्चा नाही.

"हातात नाहीच," मी म्हणालो. "पायाच्या अंगठ्यात! उजव्या. डाव्या पायाने तोल धरला, आणि अंगठ्याने..."

आत विळी आपटल्याचा आवाज आला. म्हातारी दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत.

"अंगठ्यात?" ती म्हणाली. "अंगठ्यात, ओ? तुम्ही डबो फेकून सुकाणाक मिठी मारललास, आणि डोळे मिटून रवळनाथाक हाका मारी होतास. दोरी माझ्या हातात होती. कौलांच्या आड पालथी पडान मी वढलंय. जेटी येवच्या आधीच काठाच्या पुळणीर उडी मारून तुमच्या आधी घराक गेलंय. बाबांनी माझो सोललेलो हात बघल्यानी, म्हणान तुमका नारळ गावलो. त्या जहाजान सलाम केल्यान तो माका. तुमका मी नंतर पसंत केलंय."